बंदूक सुटली, पेन्सिल हाती आली

बिबट्या आता आपल्याला नवा राहिलेला नाही. निफाड भागात तो उसातच पिलं घालतो. रात्री पाणी भरायला निघताना पोटात गोळा येतो. तिकडे येवल्याच्या ममदापूर-राजापूर पट्ट्यात काळविटांचे कळप पिकात शिरतात. अशा वेळी कुणी रानातल्या जनावराचं कौतुक सांगू लागला, तर आपल्याला राग येणारच. पण ज्यांची गोष्ट सांगतोय, ते तुमच्या-आमच्यासारखेच खेड्यातले, दुष्काळी मुलखातले. व्यंकटेश माडगूळकर.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळचा. गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. घरची गरिबी, शिक्षण अर्धवट राहिलेले. बेचाळीसच्या चळवळीत ते उतरले. चित्रकलेची ओढ होती, पण नाव झाले लेखणीने. १९५५ साली 'बनगरवाडी' आली. पुढे पुणे आकाशवाणीवर त्यांनी अनेक वर्षे खेड्यातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम केले.

तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. पण जनावर मारण्यापेक्षा ते जगतं कसं, हे पाहण्यात त्यांना जास्त गोडी वाटू लागली. बंदूक सुटली, वही-पेन्सिल हाती आली. विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात मुक्काम करून त्यांनी तिथल्या रानावर पुस्तक लिहिले. वानरांच्या टोळ्यांतली सत्तेची झुंज सांगणाऱ्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झाडे वाचवा, असा उपदेश करत ते बसले नाहीत. रानात काय आहे ते नेमके दाखवले. मग रान तुटले की काय जाते, हे वाचणाऱ्याला आपोआप कळले. २००१ साली ते गेले.

आता आपलं बघा. नुकसान झाले तर पंचनामा हवाच, भरपाईही हवीच. पण बिबट्या कोणत्या वाटेने येतो, काळवीट कोणत्या महिन्यात उतरतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही एकदा उघडून पाहावी. म्हाताऱ्या गुराख्याला विचारून, शाळेतल्या पोरांकडून चित्रे काढून घेऊन ती भरावी. जनावर ओळखीचं झालं, की त्याच्यापासून जपताही येतं आणि त्याला जपताही येतं.