सुभेदार रामजी सकपाळ : पेन्शनीनंतरची चाकरी

बाबासाहेबांच्या वडिलांचे नाव विचारले की आपला कोणताही विद्यार्थी क्षणात उत्तर देतो आणि एक गुण मिळवून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. इतिहास शिकविताना मला ही गोष्ट नेहमी खटकते. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे आयुष्य एका गुणाचे नव्हे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील मालोजी लष्करात होते. पत्नी भीमाबाईंचे माहेर असलेले मुरबाडकर घराणेही लष्करी पेशाचेच. गावात ज्या माणसाची सावलीही नको होती, त्याच्या हाती पलटणीत बंदूक आणि पाटी दोन्ही आली. कंपनी सरकारच्या काळापासून शिपाई व त्यांच्या मुलाबाळांना सक्तीने शिकविण्याची लष्कराची पद्धत होती. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षक म्हणून तयार झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. म्हणजे सुभेदार हा हुद्दा असला, तरी त्यांचा खरा पेशा आम्हा शिक्षकांचाच. जोतीराव फुल्यांविषयी त्यांना विलक्षण आदर होता. घरात कबीरपंथी शिस्त, मद्य-मांस वर्ज्य. 1892च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीतही ते होते. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली. ते पाहण्यास सुभेदार नव्हते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव. चौदांपैकी बळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीम एवढीच पाच वाचली. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाई गेल्या आणि रामजींची अपंग बहीण मीराबाई हिने मुलांना पंखाखाली घेतले. पेन्शनीत भागत नसल्याने सुभेदारांनी पुन्हा नोकरी धरली. खटाव तालुक्यातील दुष्काळी कामावर ते रोखपाल होते. तेथे त्यांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनवर ताटकळत राहिली, ती हकीकत आपण सारे जाणतो. मुलांचे पत्र नोकराने सुभेदारांना दिलेच नव्हते.

त्यांचे चरित्र निर्दोष रंगविण्याची मला गरज वाटत नाही. त्यांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहानग्या भीमाला फार लागले आणि बापलेकांत काही काळ दुरावा आला.

1904च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एकच खोली, तीत चूल, जळण, अंथरुणे आणि अभ्यास. सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. पुस्तक हवे झाले की सासरी नांदणाऱ्या लेकींच्या दारी जात. पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत नेऊन देत. दोन्ही मुलांचे शिक्षण पेलेना, तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. भीमरावांच्या पदव्या मोजताना आनंदरावांची ती सुटलेली शाळा आणि मंजुळा-तुळसांचे ते दागिने आपण सहसा हिशेबात धरीत नाही.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. वस्तीतील मंडळी सत्काराची परवानगी मागावयास आली, तर सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा तेवढी दिली आहे, एवढ्याने त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. केळुसकर गुरुजींनी मन वळविले तेव्हा सभा झाली. त्याच सभेत गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. नकार टिकला असता तर, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीस निघाले. हे सुभेदारांना पसंत नव्हते, मुलगा ऐकेना. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घेण्यास सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटून गेली. घरी पोहोचण्यास त्यांना उशीर झाला. सुभेदार वाट पाहत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि थोड्याच वेळात, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला गेले. दहा वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.