अठ्ठावीस डॉलरचे घर

पर्यावरणाला न दुखावता जगायचे तर खिसा जड हवा, असा समज शहरी मध्यमवर्गात चांगलाच रुजला आहे. सेंद्रिय भाजीचे भाव आणि सौर उपकरणांचा सुरुवातीचा खर्च पाहता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकी लेखकाने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच्या नेमका उलटा हिशेब मांडला होता. निसर्गाकडून कमी घेतले की खर्च कमी होतो आणि खर्च कमी झाला की आयुष्यातले दिवस शिल्लक राहतात, हे त्याने सेंटच्या अपूर्णांकापर्यंत जमाखर्च लिहून छापले. त्या जमाखर्चात काही जागा कच्च्याही आहेत. पण त्याच्या हिशेबाची वही अजून वाचनीय आहे, ती काही अंशी त्या कच्च्या जागांमुळेच.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकॉर्ड या गावी झाला. वडील शिसपेन्सिली बनवीत, आई घरी भाडेकरू ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाही. पैशाची ओढाताण असलेल्या या घराने मुलाला हार्वर्डला पाठवले. १८३७ मध्ये तो पदवीधर झाला ते साल अमेरिकेत आर्थिक मंदीचे होते. गावच्या शाळेत नोकरी मिळाली, पण मुलांना छडीने मारण्याची सक्ती मान्य नसल्याने ती त्याने जेमतेम दोन आठवड्यांत सोडली. पुढे थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर त्याने स्वतःची शाळा चालवली. १८४२ च्या जानेवारीत जॉन धनुर्वाताने दगावला. मध्यंतरी थोरो वडिलांच्या कारखान्यातही राबला. ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळण्याची पद्धत सुधारून त्याने घरच्या पेन्सिलीला नाव मिळवून दिले. धंद्यात राहिला असता, तर बरे दिवस आले असते. तो राहिला नाही.

पर्यावरणवाद्यांचा आद्य गुरू म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या चरित्रात एक वणवाही आहे. १८४४ च्या एप्रिलमध्ये मित्राबरोबर मासे भाजताना त्याने पेटवलेली आग सुक्या गवताला लागली आणि काँकॉर्डचे सुमारे ३०० एकर रान जळाले. गावकऱ्यांनी हे त्याला बरीच वर्षे विसरू दिले नाही. त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी तो रानात राहायला गेला.

रान होते वॉल्डन तळ्याकाठचे, गावापासून दीड मैलावर. जमीन त्याचे स्नेही आणि मार्गदर्शक, विख्यात लेखक राल्फ वाल्डो इमर्सन यांची. तिचे भाडे थोरोला द्यावे लागले नाही. १८४५ च्या मार्चअखेर उसनी कुऱ्हाड घेऊन त्याने पाइनची झाडे तोडायला सुरुवात केली. कुऱ्हाड परत केली तेव्हा ती घेतली त्यापेक्षा अधिक धारदार होती, हे नमूद करायला तो विसरलेला नाही. फळ्यांसाठी त्याने रेल्वेच्या कामावरील जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटना विकत घेतली, ती उतरवली आणि वाकलेल्या फळ्या उन्हात पसरून सरळ केल्या. फळ्यांची ने-आण चालू असताना एका शेजाऱ्याने त्यातले सरळ, वापरण्याजोगे खिळे हळूच खिशात टाकले. थोरोला खिळ्यांवर ३ डॉलर ९० सेंट खर्च करावे लागले. त्यात या उचलेगिरीचा वाटा किती, याची नोंद मात्र वहीत नाही.

बाकी नोंदी चोख आहेत. हजार जुन्या विटा ४ डॉलर. काचांसह दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. चुना २ डॉलर ४० सेंट, आणि हा दर महाग पडल्याची टिपणी. खडू १ सेंट. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशा या एकखणी घराला एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. तोडलेले लाकूड, दगड आणि वाळू जागेवरचीच, म्हणून त्यांची किंमत धरलेली नाही. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला त्या काळी एका खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे पडत असे. थोरोचे कायमचे घर एका वर्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्तात उभे राहिले. त्याच्या अंदाजाने आसपासच्या साधारण घराची किंमत ८०० डॉलर होती आणि ती फेडायला मजुराच्या आयुष्यातली दहा ते पंधरा वर्षे जात. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या वाचकाला हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

४ जुलै १८४५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो घरात राहायला गेला. खाट, टेबल, लिहिण्याचे मेज आणि तीन खुर्च्या एवढेच मोठे सामान, त्यातले काही त्याने स्वतःच बनवलेले. मेजावर ठेवलेले चुनखडीचे तीन तुकडे रोज झटकावे लागतात असे लक्षात येताच त्याने ते बाहेर फेकले. कोणी देऊ केलेले पायपुसणेही घेतले नाही; ते झटकायला वेळ कुठून आणायचा, हा त्याचा प्रश्न होता.

सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवड्याच्या जातीचे कडधान्य लावले. पहिल्या वर्षी शेतीचे उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट. नफा नऊ डॉलरांच्याही आत. नांगरटीसाठी बैल आणि माणूस भाड्याने आणणे परवडत नाही, हे ओळखून दुसऱ्या वर्षी त्याने लागण एक तृतीयांश एकरावर आणली आणि जमीन स्वतः खणली. आठ महिन्यांच्या खाण्याला ८ डॉलर ७४ सेंट लागले, म्हणजे आठवड्याला सुमारे २७ सेंट. यात शेतातून आलेले बटाटे, मटार वगैरे धरलेले नाहीत. मक्याचे व राईचे पीठ, काकवी, थोडे मीठ असा शिधा. किराणा यादीत सर्वांत मोठी रक्कम तांदळाची, १ डॉलर साडेत्र्याहत्तर सेंट. तळ्याकाठी तो भगवद्गीतेचे विल्किन्सकृत इंग्रजी भाषांतर वाचत असे, आणि भारतीय तत्त्वज्ञान आवडणाऱ्याने भातावर राहावे हे उचितच, असे त्याने गमतीने नोंदवले आहे. एकदा चुकून यीस्ट पोळून निकामी झाले तेव्हा भाकरी त्याशिवायही होते असे आढळले; तेव्हापासून तोही खर्च बंद झाला.

जळणासाठी शेत साफ करताना निघालेले बुंधे आणि रानातले पडके लाकूड पुरले. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र लाकूड वाचवण्यासाठी त्याने उघड्या आगोटीऐवजी छोटा लोखंडी स्टोव्ह घेतला. बचत झाली, पण समोर जाळ दिसेनासा झाला आणि सोबत गेल्यासारखे वाटले, अशी कबुलीही दिली. काटकसरीचे पुस्तक लिहिणारे सहसा असे काही लिहीत नाहीत.

प्रवासाचा त्याचा हिशेब तर आजच्या शहरांनाही झोंबावा. फिचबर्ग तीस मैल दूर, रेल्वेचे भाडे ९० सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. थोरो पहाटे पायी निघून संध्याकाळी तिथे पोहोचणार. रेल्वेने जाणाऱ्याला आधी दिवसभर राबून भाडे कमवावे लागणार. वस्तूची किंमत तिच्यासाठी खर्ची पडलेल्या आयुष्यात मोजायची, हे त्याचे माप. त्यावरूनच वर्षात सहा आठवड्यांची मजुरी आपल्याला पुरते, असा निष्कर्ष त्याने काढला.

आता वहीच्या कच्च्या बाजूकडे. घरासकट एकूण खर्च ६१ डॉलर पावणेशंभर सेंट. शेती आणि मजुरी मिळून जमा ३६ डॉलर ७८ सेंट. २५ डॉलरांहून अधिक तूट पदरच्या शिलकीतून भरली गेली. घराचा खर्च एकदाच करायचा असल्याने ही तूट क्षम्य ठरते. पण जमीन फुकट मिळाली नसती, तर हे गणित उभेच राहिले नसते. तो अविवाहित होता. पोराबाळांचे आजारपण, शाळा, लग्नकार्य यातले काही त्याच्या वहीत येत नाही. धुणे आणि कपड्यांची दुरुस्ती बाहेर होत असे, आणि त्याचे बिल अद्याप आले नसल्याची नोंद आहे. अधूनमधून तो गावात आईकडे व मित्रांकडे जेवायलाही जाई. टीकाकारांनी याच गोष्टींवरून त्याला ढोंगी ठरवले. ढोंगी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण बाहेरच्या जेवणाची आणि धुण्याची नोंद त्याने स्वतःच दिली आहे. घरच्या बायकांचे श्रम फुकट धरण्याची चूक मात्र त्याच्याकडून घडली, आणि काटकसरीच्या अनेक योजनांत ती अजूनही घडते.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर मजूर तळ्यावर बर्फ कापायला आले. न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा जहाजांतून मद्रास, मुंबई, कलकत्त्यापर्यंत जात असे. मुंबईत त्यासाठी खास बर्फघर होते. वॉल्डनकाठी रचलेली सुमारे दहा हजार टनांची रास गवताने आणि फळ्यांनी झाकली होती. ती पूर्णपणे बाजारात गेलीच नाही. बराचसा बर्फ वितळून १८४८ पर्यंत पुन्हा तळ्यात गेला. थोरोने हे सारे दारातून पाहिले आणि टिपून ठेवले.

१८४६ च्या जुलैमध्ये गुलामगिरी आणि मेक्सिकोशी चाललेले युद्ध यांच्या निषेधार्थ डोईपट्टी न भरल्याबद्दल त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यातून पुढे आलेल्या निबंधाचा सारांश महात्मा गांधींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून छापला. ६ सप्टेंबर १८४७ रोजी, दोन वर्षे आणि दोन महिन्यांनी, थोरोने तळे सोडले.

एवढा हिशेबी माणूस ग्रंथप्रकाशनात मात्र बुडाला. १८४९ मध्ये निघालेल्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये प्रकाशकाने घरी परत धाडल्या. छपाईचा खर्च त्याच्यावरच होता. तो फेडण्यासाठी पुन्हा पेन्सिली आणि जमीनमोजणी यांचा आधार घ्यावा लागला. मोजणीदार म्हणून तो इतका अचूक होता की कामाला तोटा नसे. त्याने आखून दिलेल्या हद्दीत पुष्कळदा झाडे तोडली जात, आणि याची बोच त्याला होती. १८५४ मध्ये ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले. मराठीत ते दुर्गा भागवत यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने आणले. शेवटच्या वर्षांत तो जंगल पुन्हा कसे उगवते याचा अभ्यास करीत होता. खारी आणि वारा बिया कशा पसरवतात, यावर त्याने १८६० मध्ये शेतकऱ्यांपुढे व्याख्यान दिले. प्रत्येक गावाने पाचशे ते हजार एकर रान कुऱ्हाडीपासून राखून ठेवावे, असेही त्याने सुचवले होते. ६ मे १८६२ रोजी क्षयाने त्याचे निधन झाले. वय ४४.

घर इमर्सन यांनी विकत घेतले होते. पुढे ते त्यांच्या माळ्याकडे गेले, मग एका शेतावर हलवले गेले आणि धान्य साठवायला वापरले गेले. १८६८ मध्ये ते उतरवण्यात आले. छप्पर डुकरांच्या खुराड्यावर चढले आणि उरलेले लाकूड काही वर्षांनी त्याच शेतावरच्या कोठाराच्या डागडुजीत लागले.