बाकाखालचे धारप

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने, म्हणजे आपल्याच वर्गातल्या तिघांनी, मला आयटीतल्या अनुभवांवर लिहायला सुचवलं होतं. त्यावर लिहू शकणारे आपल्या बॅचमध्ये निदान वीसजण निघतील. मी नारायण धारपांवर लिहिते आहे. २०२५ च्या २७ ऑगस्टला त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली, आणि आपल्यातल्या निम्म्या जणांनी त्यांचं एखादं तरी पुस्तक भूमितीच्या पुस्तकात घालून वाचलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांनी मधल्या सुट्टीत ती गोष्ट ऐकलेली आहे.

आमच्या घरी धारप आले ते कंपनीच्या बसमधून. बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते रात्री साडेबाराला घरी यायचे. लगेच झोप लागायची नाही, मग स्वयंपाकघरातला दिवा लावून वाचत बसायचे. चिंचवडच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीची तपकिरी कव्हरं घातलेली पुस्तकं त्यांच्या बसमधले सातआठजण आळीपाळीने फिरवत. त्यामुळे दर पुस्तकाला थोडा ग्रीसचा वास असे आणि पहिली काही पानं हमखास गायब. लेखकाचं नाव कव्हरवर बॉलपेनने लिहिलेलं. प्रस्तावना, अर्पणपत्रिका असलं काही धारपांच्या पुस्तकांना असतं हे मला बरंच उशिरा कळलं.

धारप पुण्याचे. १९२५ चा जन्म पुण्यातला आणि मृत्यूही पुण्यातलाच, १८ ऑगस्ट २००८ चा, वयाची ८३ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना. शिक्षण मुंबई विद्यापीठाचं बी.एस्सी. (टेक.). म्हणजे वाङ्मयाच्या वर्गात न बसता तंत्रविद्या शिकलेला माणूस, आणि लिहिलं काय, तर शंभराहून जास्त पुस्तकं. भयकथा, विज्ञानकथा, रहस्यकथा, आणि ज्यांना कुठल्याच कप्प्यात बसवता येत नाही अशा कितीतरी.

मला इंजिनीअर म्हणून त्यांची पदवी महत्त्वाची वाटते. मराठीत भुतं आधीही होतीच. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस गावाबाहेर. धारपांनी त्यांना तिथून उठवून शहरात आणलं. '४४० चंदनवाडी' हे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव बघा. तो सरळ पोस्टाचा पत्ता आहे! 'साठे फायकस' हे दुसरं नाव. वडाउंबराच्या कुळाच्या लॅटिन नावाला एक अस्सल मराठी आडनाव जोडलेलं. वाचणारा गोंधळतो की हे वनस्पतिशास्त्र आहे की भीतीची गोष्ट. 'अनोळखी दिशा' या नावातली दिशा पूर्व-पश्चिमेची नाही. लांबी, रुंदी, उंचीच्या पलीकडली आहे. त्यांच्या कथांमधलं संकट बहुतेक वेळा अशाच कुठून तरी, आपल्या जगाच्या बाहेरून येतं, आणि ज्याच्यावर येतं तो नोकरदार, शिकलेला, हिशेबी माणूस असतो. कथा सांगणारा सुरुवातीलाच कबूल करतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मग तो पुरावे मांडतो, तारखा देतो, शक्यता एकेक करून खोडतो. आम्ही प्रॉडक्शनमधला बग शोधतो तसंच. शेवटी जे उरतं ते भयंकर असतं, पण त्यालाही नियम असतात. कुठून आत येता येतं, कशाने अडवता येतं, कोणी बोलावल्याशिवाय काय घडत नाही. मनाला येईल ते भूत धारपांकडे सहसा भेटत नाही.

त्यांचे समर्थ आठवतात? संकटात सापडलेल्यांच्या हाकेला धावणारे, बरोबर अप्पा जोशी. या मालिकेवर मुलं तुटून पडायची. पुढे कृष्णचंद्र, जयदेव असे आणखीही नायक त्यांनी उभे केले. पण समर्थांची सर कोणाला आली नाही असं माझं मत, आणि ते मी आठवीपासून बदललेलं नाही. समर्थ चमत्कार करून दाखवत नाहीत. आधी नीट ऐकून घेतात. ज्या माणसाला घरच्यांनी वेडा ठरवलंय त्याच्यासमोर कोणीतरी शांत बसून सगळं ऐकून घेतं, यातच निम्मा दिलासा होता.

विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या, 'नेनचिम' हे त्यातलं एक नाव. मराठी विज्ञानकथेला मान मिळाला तो मात्र दुसऱ्या वाटेने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, ती पहिली आली, आणि विज्ञानकथा प्रतिष्ठित घरात राहायला गेली. ते चांगलंच झालं. पण धारप बाहेरच्या ओट्यावर राहिले, कारण त्यांच्याकडे प्रयोगशाळा आणि जपमाळ एकाच खोलीत असायची. समीक्षकांना हे झेपलं नाही. वाचकांना कधी अडचण आली नाही. दसऱ्याला सीएनसी मशीनला हार घालणाऱ्या आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना तर नाहीच नाही.

आता जे लिहायचं म्हणून हा लेख घेतला, ते.

२००८ साली मी कंपनीकडून अमेरिकेत, मिशिगनमध्ये होते. शनिवारी करायला काही नसायचं म्हणून स्टीफन किंगची १९७५ सालची 'सालेम्स लॉट' ही कादंबरी आणली. साठसत्तर पानांत माझ्या लक्षात आलं की ही मी वाचलेली आहे. नववीत, स्वयंपाकघरातल्या त्याच दिव्याखाली, 'लुचाई' या नावाने. मग मी शोधतच सुटले. 'शपथ' म्हणजे किंगची 'इट', 'आजी' म्हणजे किंगचीच 'ग्रॅमा'. मला फसवल्यासारखं वाटलं. माझ्यापेक्षा जास्त, बाबांना फसवल्यासारखं वाटलं. मी फोनवर तावातावाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ते इंग्रजी पुस्तक निगडीत मिळालं असतं का, आणि मिळालं असतं तरी त्यांना वाचता आलं असतं का. मी फोन आवरता घेतला. काही आठवड्यांनी धारप गेल्याची बातमी त्यांनीच मला फोनवर दिली. मी काही बोलले नाही, विषय बदलला. बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्याशी धारपांवर पुन्हा बोलणं झालंच नाही.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी नंतर वाचली. माझं मत आज असं आहे. मूळ लेखकाचं नाव पहिल्या पानावर ठळक असायला हवं, यात सवलत नाही. आम्ही दुसऱ्याचा चार ओळींचा कोड वापरला तरी वर त्याचं नाव आणि परवाना ठेवतो. पण तो कोड दुसऱ्या मशीनवर जसाच्या तसा चालत नाही, हेही मला रोजच्या कामातून माहीत आहे. चाकणच्या लाइनवर मी बसवलेली एक जर्मन प्रणाली सहा महिने अडली होती, कारण आपल्याकडची शिफ्ट कशी बदलते हे तिला ठाऊकच नव्हतं. किंगच्या गावात क्रॉस आहे, पवित्र पाणी आहे, तळघर आहे. मराठी घरात यातलं काहीच नाही. भीतीला इथलं माजघर, इथली नाती, इथली उपासना द्यावी लागते, आणि तसं करताना गोष्ट आतून बदलते. धारपांनी ते इतकं सफाईने केलं की बसमधल्या सातआठजणांपैकी एकालाही ती परदेशी वाटली नाही. शिवाय समर्थ आहेत, चंदनवाडी आहे. उसन्याशिवायचे धारपही भरपूर आहेत.

पुढचं तर आणखी गमतीचं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट ऐकवली, ते घाबरले, आणि त्या बीजातून २०१८ साली 'तुंबाड' आला. त्यातली ती आजी आठवून बघा. मेनमधून पुण्याला, पुण्याहून नागझिऱ्याला आणि तिथून पडद्यावर. त्याच वर्षी झी मराठीवर धारपांच्या 'ग्रहण' कादंबरीवरची मालिका लागली. साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं नव्या रूपात आणली आहेत, पहिल्या पानांसकट.

'शपथ' मात्र मेळाव्याच्या आधी जरूर वाचा. लहानपणी एकत्र शपथ घेतलेली मुलं मोठी होऊन पुन्हा आपल्या गावी जमतात, अशी ती गोष्ट आहे. किंगच्या मूळ कादंबरीत ती २७ वर्षांनी परततात. आपली दहावी १९९८ ची. मेळाव्याचा मेसेज आला तेव्हा मी बोटांवर मोजलं, आणि त्या रात्री जिन्यातला दिवा चालू ठेवून झोपले.

आणि बाई, आठवीत तुम्ही माझ्या बाकाखालून 'चेटकीण' जप्त केलीत, ती परत मिळाली नाही. लायब्ररीचा दंड बाबांनी भरला, मला एका शब्दाने रागावले नाहीत. पुस्तक आता नको, माझ्याकडे नवी प्रत आहे. मेळाव्याला आलात तर एवढंच सांगा, तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत का?