अभियांत्रिकीचे दार उघडणारे वसंतदादा

महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्या ज्या एका निर्णयामुळे घडल्या, तो घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांचे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेच्या फारसे पुढे गेले नव्हते. वसंतराव बंडूजी पाटील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. अवघ्या वर्षभराचे असताना प्लेगच्या साथीने आई-वडिलांचे छत्र हरपले आणि सांगलीजवळच्या पद्माळे या गावी आजीने त्यांना वाढविले. शाळा मागे पडली आणि स्वातंत्र्यलढा पुढे आला. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले. गोळीबारात काही साथीदारांनी प्राण गमावले, तर दादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. ही कथा सांगली परिसरात आजही जिव्हाळ्याने सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर हा क्रांतिकारक सहकाराकडे वळला. १९५२ मध्ये ते आमदार झाले आणि त्याच दशकात त्यांच्या पुढाकाराने सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दादांची कामाची रीत येथेच घडली. सरकारच्या तिजोरीकडे डोळे लावून न बसता गावातील माणसे, गावातला पैसा आणि गावातली जिद्द एकत्र करावयाची आणि आपला कारखाना आपण उभारावयाचा, अशी ती रीत होती. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७७ मध्ये ते प्रथम मुख्यमंत्री झाले आणि जुलै १९७८ मध्ये सरकार पडले, हा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे.

२ फेब्रुवारी १९८३ रोजी ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यात अभियांत्रिकीच्या जागा अत्यंत तुटपुंज्या होत्या. पुण्याचे सरकारी महाविद्यालय १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे. कऱ्हाड व औरंगाबादची सरकारी महाविद्यालये १९६० ची. खुद्द सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेले आणि पुढे वालचंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय होते. पण तेथेही प्रवेश मोजक्यांनाच. थोड्या गुणांनी संधी हुकलेला मराठी विद्यार्थी ट्रंक उचलून कर्नाटकात जात असे आणि घरची मंडळी देणगीची रक्कम उभी करण्यासाठी जमीन विकत वा गहाण टाकत. आपल्या मुलांचा पैसा परराज्यात जातो, तर येथेच महाविद्यालये का निघू नयेत, असा दादांचा रोखठोक हिशेब होता. सरकारपाशी नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता. म्हणून १९८३ मध्ये खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने काढण्यास परवानगी देण्यात आली.

त्याच वर्षी पुण्यात एमआयटी आणि भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, कोल्हापुरात केआयटी सुरू झाले. पाहता पाहता साखरसम्राटांच्या जोडीला शिक्षणसम्राट हा शब्द मराठीत रूढ झाला. विद्वज्जनांनी दादांवर टीकेची झोड उठविली: अल्पशिक्षित मुख्यमंत्र्याने शिक्षणाचा बाजार मांडला, असा तिचा सूर होता. या टीकेत वर्गाचा अहंकार होता हे नाकारता येणार नाही. तालुक्याच्या गावातून आलेला, घराण्यातला पहिला अभियंता याच दारातून आत आला.

तथापि टीकेतील एक भाग खरा होता. साखर कारखान्याचा नमुना महाविद्यालयाला लावताना त्यातील एक महत्त्वाचा भाग मागेच राहिला. कारखान्यात शेतकरी सभासद असतो, वजनकाट्यावर आपला ऊस मोजला जाताना पाहतो, उतारा विचारतो आणि सर्वसाधारण सभेत संचालकांना धारेवर धरतो. महाविद्यालयात पैसे भरणारा पालक सभासद नव्हता आणि प्रयोगशाळेत यंत्रे आहेत की नुसत्या भिंती, हे मोजणारा काटाही नव्हता. राज्याची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता एवढ्यावर काम भागत असे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ पासून होती, पण सल्लागार म्हणून. तिला कायद्याचे बळ मिळाले ते १९८७ च्या अधिनियमाने. देणगीशुल्काला बंदी घालणारा राज्याचा कायदाही १९८७ चाच. दोन्ही गोष्टी महाविद्यालये निघाल्यानंतरच्या. आधी घर बांधावे आणि मग पाया तपासावा, तसा हा प्रकार झाला.

या विलंबाचे सारे माप एकट्या दादांच्या पदरात घालणे मात्र अन्यायाचे ठरेल. प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून त्यांनी जून १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. धोरण राबविण्यास त्यांना सव्वादोन वर्षेच मिळाली. पुढे नोव्हेंबर १९८५ ते ऑक्टोबर १९८७ ते राजस्थानचे राज्यपाल होते. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

गुणवत्तेचा काटा आला तो त्यानंतर पाच वर्षांनी. १९९४ मध्ये परिषदेच्या अखत्यारीत राष्ट्रीय मानांकन मंडळ स्थापन झाले. मान्यता आणि मानांकन यांत फरक आहे, तो पालकांच्या फारसा ध्यानात येत नाही. परिषदेची मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालविण्याची मुभा. मंडळाचे मानांकन संपूर्ण महाविद्यालयाला नव्हे, तर स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा एकेका अभ्यासक्रमाला मिळते आणि तेही ठरावीक मुदतीसाठी. अध्यापक, प्रयोगशाळा, निकाल, विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल यांची छाननी त्यात होते. परवानगी देणारा आणि तोलणारा हात एकाच संस्थेचा असावा का, हा प्रश्न मात्र २०१० पर्यंत रेंगाळला. त्या वर्षी मंडळ स्वायत्त झाले आणि जून २०१४ मध्ये भारताला वॉशिंग्टन कराराचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. तोवर चक्र उलटे फिरले होते. जागांसाठी परराज्यात जाण्याचे दिवस सरले होते, उलट राज्यातल्याच हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या आणि काही महाविद्यालयांना टाळे लागले.

मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेला दादांच्या निधनानंतर त्यांचे नाव देण्यात आले. सांगलीजवळ बुधगावला १९८३ मध्येच निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही पद्मभूषण वसंतरावदादा पाटील यांच्याच नावाने ओळखले जाते.