चँग कै शेकने ज्याला परत पाठवायला लावलं, त्याचंच नाव आसाम ते चीन रस्त्याला दिलं

साल १९४२, मे महिना. जपानने ब्रह्मदेश जिंकला होता आणि ५९ वर्षांचा एक अमेरिकन जनरल जंगल तुडवत भारताकडे निघाला होता. विमानाने निसटायची सोय होती, पण गड्याने ती नाकारली. सोबत सैनिक, डॉक्टर, बर्मी नर्स असे शंभरहून जास्त लोक. २० मे ला तो इम्फाळला पोचला. वाटेत एकही माणूस दगावला नाही.

हा जनरल म्हणजे जोसेफ स्टिलवेल. जन्म १८८३ चा, शिक्षण वेस्ट पॉइंटला. चीनमध्ये बरीच वर्षं काढल्याने चिनी भाषा यायची. जीभ मात्र इतकी आंबट की लोक त्याला व्हिनेगर जो म्हणायचे.

आता अडचण अशी होती की ब्रह्मदेश गेल्यामुळे चीनला रसद पोचवणारा रस्ताच तुटला. उरली फक्त हिमालयावरून उडणारी विमानं. स्टिलवेल म्हणाला, आसामातल्या लेडोपासून नवा रस्ता काढू. हा रस्ता वेळेत होईल यावर चर्चिल यांचाही विश्वास नव्हता.

तरी डिसेंबर १९४२ मध्ये काम सुरू झालं. पांगसाऊची खिंड, धो धो पाऊस, दरडी, मलेरिया. त्यात जपानी सैन्य समोर. तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढला तयार केलेल्या चिनी फौजा पुढे लढायच्या आणि मागून बुलडोझर यायचे. १५ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक खपत होते, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय. जोडीला चिनी इंजिनिअर आणि हजारो भारतीय, बर्मी मजूर. सुमारे ११०० अमेरिकन मेले. मजूर किती गेले, याची धड मोजदादही झाली नाही.

इकडे रस्ता पुढे सरकत होता, तिकडे स्टिलवेल आणि चीनचे सर्वेसर्वा चँग कै शेक यांचं फाटत चाललं होतं. सप्टेंबर १९४४ मध्ये सगळी चिनी फौज स्टिलवेलच्या हाती द्या, असा निरोप रूझवेल्टनी धाडला. तो स्टिलवेलने स्वतः नेऊन दिला. चँगना हा अपमान वाटला. त्यांनी हट्ट धरला आणि ऑक्टोबरमध्ये स्टिलवेलला माघारी बोलावलं गेलं.

१२ जानेवारी १९४५ ला पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. अंतर १७०० किलोमीटरहून जास्त. स्टिलवेल तेव्हा तिथे नव्हता. गंमत म्हणजे, रस्त्याला स्टिलवेलचं नाव दिलं खुद्द चँगनी.

पण तोवर विमानं खूप पुढे गेली होती. जुलै १९४५ मध्ये त्यांनी सुमारे ७१ हजार टन माल नेला, रस्त्याने जेमतेम ६ हजार टन. पुढच्याच महिन्यात जपानने हत्यार टाकलं. १२ ऑक्टोबर १९४६ ला स्टिलवेल पोटाच्या कॅन्सरने गेला.

आजही मित्रदेशांचे लष्करी इंजिनिअर एकत्र येऊन पूल, शाळा, रस्ते बांधतात. सोबत काम केलं की दोस्ती पक्की होते, हा त्यामागचा हिशोब. लेडोच्या चिखलात राबणाऱ्यांनी तो रस्ता पुरा करून दाखवला. वरच्या दोघांना मात्र शेवटपर्यंत एकमेकांशी जमवून घेता आलं नाही.