दोष रक्तात की ताटात?

घरात एखाद्याला चिवट दुखणे जडले की नातेवाईक प्रथम घराण्याकडे बोट दाखवतात. आजीला होते, वडिलांना होते, आता मुलाला झाले. रक्तातच आहे म्हणायचे आणि गप्प बसायचे! पण घरात पिढ्यान्‌पिढ्या केवळ रक्तच चालत येते काय? दारिद्र्य चालत येते, ओलसर खोली चालत येते, रिकामी चूलही चालत येते. हा फरक ज्यांनी जिवावर उदार होऊन सिद्ध केला, त्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

गोल्डबर्गर यांचा जन्म १८७४ चा. तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील, आजच्या स्लोव्हाकियातील एका गरीब ज्यू कुटुंबातला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. वडिलांचे छोटेसे किराणा दुकान होते. १८९५ साली ते डॉक्टर झाले आणि १८९९ मध्ये सरकारी आरोग्य सेवेत दाखल झाले. साथींचा अभ्यास करताना पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस हे तिन्ही आजार त्यांना स्वतःलाच झाले होते.

१९१४ साली सरकारने त्यांना पेलाग्राच्या शोधासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत पाठवले. या रोगात उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, पुढे बुद्धिभ्रम होतो आणि शेवटी मृत्यू येतो. गोरे गरीब आणि कृष्णवर्णीय, वाट्याने कापूस पिकवणारे आणि गिरणीत राबणारे, त्यातही बायका याला अधिक बळी पडत. एका घरात एकाला झाला की दुसऱ्यालाही होई. म्हणून काही पंडित म्हणत, हा जंतूंचा संसर्ग आहे. आणि सुप्रजननवाद्यांचे पुढारी चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१६ मध्ये, रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती काही घराण्यांच्या रक्तातच असते असे प्रतिपादन केले.

गोल्डबर्गर यांनी प्रयोगशाळेत शिरण्याआधी ताटात डोकावून पाहिले. अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे येथील रहिवाशांना पेलाग्रा होई, पण त्यांच्याच सहवासात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नसे. मग हा कसला संसर्ग? मिसिसिपीतील अनाथालयांत सहा ते बारा वयाची मुलेच बहुतांशी आजारी होती. कारण साधे होते. लहानग्यांना दूध मिळे, काम करणाऱ्या मोठ्या मुलांना मांस मिळे, मधल्यांच्या वाट्याला मक्याचे पीठ आणि काकवी! गोल्डबर्गर यांनी दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्ये सुरू करताच रोग हटला. त्या मुलांचे आईबाप बदलले नव्हते, रक्त बदलले नव्हते. बदलले होते ते फक्त जेवण.

१९१५ मध्ये त्यांनी मिसिसिपीच्या तुरुंग-शेतावर उलटा प्रयोग केला. माफीच्या बदल्यात स्वयंसेवक झालेल्या कैद्यांना प्रामुख्याने मक्याचा आहार दिला. अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. सुटकेचे आमिष दाखवून कैद्यांवर केलेला हा प्रयोग आजच्या कसोटीला उतरत नाही, हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो. पण त्यांनी जोखीम केवळ इतरांवर टाकली नाही. एप्रिल १९१६ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले, त्यांची विष्ठा, लघवी आणि कातडीचे पापुद्रे पिठाच्या गोळ्यांतून गिळले. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रोग्याचे रक्त टोचून घेतले. एकालाही पेलाग्रा झाला नाही.

पुढे अर्थशास्त्रज्ञ एडगर सायडेनस्ट्रिकर यांच्यासह त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील गिरणी वस्त्यांमधील कुटुंबांची मिळकत आणि शिधा तपासला. मिळकत जितकी कमी, तितका पेलाग्रा अधिक! दारापर्यंत कापूसच पेरला जाई. भाजीला जागा नाही, गायीला चारा नाही. आता रोगाचे मूळ उघड झाले होते आणि म्हणूनच ते पुष्कळांना रुचले नाही. दोष रक्तात असेल तर मालक निर्दोष ठरतो. दोष ताटात असेल तर मजुरीचा हिशेब द्यावा लागतो. १९२१ मध्ये दक्षिणेतील पुढाऱ्यांनी आपल्या प्रदेशाची बदनामी झाली म्हणून आरडाओरड केली!

गोल्डबर्गर थांबले नाहीत. स्वस्त यीस्टने रोग बरा होतो हे त्यांनी दाखवले आणि १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर ते पूरग्रस्तांना वाटले गेले. १७ जानेवारी १९२९ रोजी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ताटात नेमके कशाची उणीव होती, ते नायसिन १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी शोधून काढले.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या दख्खनमध्येही केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळला आणि हैदराबादचे डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा उलगडा मांडला. दोष केवळ भाकरीचा नव्हे, भाकरीबरोबर डाळ-दूध न मिळण्याचाही!

गोल्डबर्गर दक्षिणेत स्वतःला रक्त टोचून घेत होते, त्याच वसंतात, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकर जातीच्या उगमावर निबंध वाचत होते. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. पण १९३६ मध्ये बाबासाहेबांनी रक्तशुद्धीच्या नावाखाली केले जाणारे जातीचे समर्थन खोडून काढले, तेव्हा समोर तोच खोटा युक्तिवाद उभा होता. माणसाची अवस्था जन्माने ठरते म्हटले की अन्याय करणारे मोकळे सुटतात.

म्हणून आनुवंशिकता खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजातही आढळणारा सिकलसेल जनुकांतूनच येतो. तो कुणाचा अपराध नाही, तशी ती शिक्षाही नाही. वेळेवर तपासणी, लसीकरण आणि नियमित औषध मिळालेले मूल आणि न मिळालेले मूल यांचे जनुक सारखे असले तरी आयुष्य सारखे नसते. उपचार पोहोचवणे ही परिस्थितीचीच बाब आहे.

तेव्हा घरच्या माणसाचे दुखणे रक्तातले आहे असे कुणी सांगितले तर तपासणी जरूर करून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. रेशनवर काय मिळते, अंगणवाडीत काय शिजते, दवाखान्यात औषध आहे की नाही, हेही विचारा. रक्त बदलणे आपल्या हाती नाही. ताट बदलणे आहे!