अण्णासाहेब किर्लोस्कर : संकल्प आणि सिद्धी

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या परंपरेत पदगायनाचा भार मुख्यतः सूत्रधार वाहत असे. किर्लोस्करांनी तो पात्रांकडे सोपविला. मात्र ही योजना आरंभापासून त्यांच्यापुढे होती असे दिसत नाही. १८७३ मधील त्यांचे ‘शांकरदिग्जय’ हे नाटक गद्यच होते.

१८८० मध्ये पुण्यात सरकारी नोकरीत असताना पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीत प्रयोग त्यांनी पाहिला आणि मराठीत तसे नाटक करण्याचा संकल्प केला. प्रत्यक्षात जे सिद्ध झाले ते मात्र त्या प्रयोगाचे अनुकरण नव्हते. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ भाषांतरास घेतले. साकी, दिंडी, ओवी यांसारख्या परिचित रचनांबरोबर कर्नाटकी आणि हिंदुस्थानी चालींचा उपयोग केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी या नाटकाचे पहिले चारच अंक सादर झाले. सातही अंक पुढे रंगभूमीवर आले.

‘सौभद्रा’ची घडणही अशीच टप्प्याटप्प्याने झाली. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तीन अंकांचा प्रयोग झाला आणि १८८३ मध्ये नाटक पाच अंकी झाले. येथे भाषांतराचा आधार सुटला. सुभद्राहरणाच्या पौराणिक कथेला त्यांनी घरगुती प्रेमविवाहाचे रूप दिले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि १८८२ मध्ये मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर असे गायक नट हाताशी असल्यामुळे पद हे कथेचे अलंकरण न राहता पात्राच्या भावावस्थेचे वाहन बनले.

अपुऱ्या नाटकाचा प्रयोग ही केवळ निकडीची तडजोड मानली जाते. परंतु दोन्ही नाटकांचा क्रम पाहता ती किर्लोस्करांची रचनापद्धतीच ठरते, असे म्हणता येईल. लेखक, पदरचनाकार आणि तालीममास्तर या भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्याने उरलेले अंक लिहिताना रंगभूमीचा अनुभव गाठीशी असे.

या दृष्टीने ‘रामराज्यवियोग’ वेगळ्या रीतीने वाचावे लागते. त्याचे तीन अंक १८८४ मध्ये रंगभूमीवर आले. पुढील अंक लिहिले जाण्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी किर्लोस्करांचे निधन झाले. म्हणून या नाटकाला ‘सौभद्रा’च्या मापाने उणे ठरविणे न्याय्य नाही. ज्या टप्प्यावर ‘सौभद्र’ एकदा थांबले होते, त्याच टप्प्यावर ते कायमचे थांबले आहे.